सतत अशक्तपणा का जाणवतो? सलाईन लावण्याआधी कारण शोधा

"डॉक्टर, अंगात त्राणच नाही. एक सलाईन लावून टाका." गावातला छोटा दवाखाना असो की शहरातले क्लिनिक, ही मागणी रोज होते. सलाईन लागते, दोन दिवस तरतरी वाटते आणि आठवडाभरात पुन्हा तेच. जिना चढताना पाय जड होतात, दुपारी डोळे मिटू लागतात, भांडी घासतानाही दम लागतो.

असे होते याचे कारण साधे आहे. अशक्तपणा हा आजार नसून लक्षण आहे. ताप जसा मलेरियाचा असू शकतो तसा टायफॉईडचाही, तसेच अशक्तपणाचे आहे. त्यामागे रक्तातील लोहाची कमतरता असू शकते, थायरॉईड असू शकतो, मधुमेह, क्षयरोग, अपुरी झोप किंवा नैराश्यही असू शकते. कारण सापडले तर बहुतेक वेळा उपाय सोपा असतो. कारण न शोधता "ताकदीचे" काहीतरी घेत राहिले, तर मूळ आजार मात्र आतून वाढत राहतो.

आधी ओळखा: नेमके काय होते आहे?

"अशक्तपणा" या एकाच शब्दात लोक वेगवेगळ्या तक्रारी सांगतात. डॉक्टरांना नेमके सांगता आले, तर निम्मे निदान तिथेच होते.

• थकवा: ताकद असते, पण काही करावेसे वाटत नाही किंवा थोड्या कामाने माणूस गळून जातो. झोप, थायरॉईड, मधुमेह, मानसिक ताण, नुकताच होऊन गेलेला ताप यांत असे होते.
• धाप लागणे: बसून असताना ठीक, पण चालताना किंवा जिना चढताना दम लागतो. रक्तक्षय, हृदय किंवा फुफ्फुसाचा आजार याकडे लक्ष द्यावे लागते.
• उभे राहताच अंधारी येणे: शरीरातले पाणी कमी होणे, रक्तदाब उतरणे, रक्तदाबाच्या गोळ्यांचा जास्त परिणाम.
• स्नायूंची खरी कमजोरी: हातातली वस्तू सुटते, खाली मांडी घालून बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नाही, चप्पल पायातून निसटते. ही तक्रार कधीही "थकवा" म्हणून सोडून देऊ नये.

रक्तक्षय: सर्वात जास्त आढळणारे कारण

हिमोग्लोबिन कमी झाले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. मग स्नायू आणि मेंदू दोन्ही लवकर थकतात. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोनपैकी एकीपेक्षा जास्त. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होते.

हिमोग्लोबिन महिलांमध्ये १२, गर्भवतींमध्ये ११ आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. अनेक महिलांचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे नऊ-दहाच्या आसपास असते. ते हळूहळू कमी झालेले असल्यामुळे शरीर त्याची सवय करून घेते आणि "बायकांना असा थकवा असतोच" असे घरातलेही म्हणतात आणि ती स्वतःही.

लोह कमी होण्याची कारणे साधारण अशी असतात:

• मासिक पाळीत जास्त रक्तस्राव. दर दोन तासांनी पॅड बदलावे लागणे किंवा सात दिवसांपेक्षा जास्त पाळी चालणे हे सामान्य नाही.
• लागोपाठ बाळंतपणे आणि आहारात लोह कमी.
• पोटातील अंकुशकृमी. अनवाणी चालताना हे जंत पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि आतड्यात राहून रक्त शोषतात.
• जेवणावर लगेच चहा. चहामुळे अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही.
• मूळव्याध, पोटातील व्रण किंवा दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे आतून होणारा रक्तस्राव.

शेवटचे कारण विशेष महत्त्वाचे आहे. पुरुषाला किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीला लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय झाला, तर केवळ गोळ्या देऊन थांबता येत नाही. रक्त कुठून जात आहे हे शोधावेच लागते. आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण काही वेळा एवढीच असते: विनाकारण वाढत गेलेला अशक्तपणा. डांबरासारखी काळी, चिकट शौच होत असेल तर दिवस घालवू नयेत. लोहाच्या गोळ्या चालू असतानाही शौचाचा रंग काळसर होतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

बीट, गूळ आणि खजूर पुरेसे आहेत का?

बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, हा समज सोशल मीडियावर जोरात फिरतो. प्रत्यक्षात १०० ग्रॅम बीटमध्ये एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असते. तेवढ्याच बाजरीत सुमारे सहा मिलिग्रॅम असते. प्रौढ स्त्रीसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने शिफारस केलेले रोजचे प्रमाण आहे २९ मिलिग्रॅम. नाचणीचे खरे बळ लोहापेक्षा कॅल्शियममध्ये आहे.

रोजच्या ताटात बाजरीची भाकरी, कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या, अळीव आणि चालत असेल तर कलेजी, मटण, मासे असावेत. वर लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. चहा जेवणापासून किमान तासभर लांब ठेवावा. लोखंडी तवा आणि कढई पुन्हा वापरात आणणे हाही खरोखर उपयोगी उपाय आहे.

हिमोग्लोबिन बरेच कमी असेल तर मात्र केवळ आहाराने ते भरून निघत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. शिवाय हिमोग्लोबिन वाढले की लगेच गोळ्या थांबवणे ही मोठी चूक ठरते. शरीरातला लोहाचा साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. गोळ्यांनी मळमळ किंवा बद्धकोष्ठ होत असेल तर त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. वेगळी गोळी, एक दिवसाआड गोळी किंवा इंजेक्शन असे पर्याय असतात.

प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो

विदर्भ, नंदुरबार आणि राज्याच्या इतर आदिवासी पट्ट्यांत सिकलसेल आजार आढळतो. यात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन लवकर फुटतात. अशा रुग्णाला सांधेदुखी, वारंवार कावीळ आणि सतत थकवा असतो. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. या दोन्हींत हिमोग्लोबिन कमी दिसते, पण लोह कमी असेलच असे नाही. म्हणून महिनाभर गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर गोळ्यांचा ब्रँड बदलण्याऐवजी पुढची तपासणी करावी.

बी१२ आणि ड जीवनसत्त्व

बी१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य पदार्थांत जवळपास नसतेच. ते मांस, मासे, अंडी, दूध, दही यांतून मिळते. त्यामुळे शुद्ध शाकाहारी आणि त्यातही दूध कमी घेणाऱ्यांमध्ये त्याची कमतरता सहज होते. यकृतात काही वर्षे पुरेल एवढा साठा असल्याने लक्षणे उशिरा दिसतात: पायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा, चालताना तोल जाणे.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे यांच्यातही बी१२ कमी होते. ही कमतरता फार काळ राहिली तर मज्जातंतूंचे नुकसान कायमचे होऊ शकते. केवळ फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. म्हणून बी१२ तपासूनच उपचार व्हावा.

ड जीवनसत्त्व कमी असले की मांड्या आणि कंबर दुखते, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. सकाळी अंधारात घर सोडून दिवसभर कार्यालयात बसणाऱ्यांना भरपूर उन्हाच्या प्रदेशातही ही कमतरता होते. पण इथे उलटी चूकही होते. साठ हजार युनिटची जी पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा घ्यायची असते, ती काही जण गैरसमजाने रोज घेतात किंवा महिनोन्महिने चालू ठेवतात. त्याने रक्तातले कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि त्याचे एक लक्षण असते पुन्हा अशक्तपणा.

थायरॉईड आणि मधुमेह

थायरॉईड ग्रंथी मंदावली की शरीराचे सगळेच व्यवहार मंद होतात. थकव्याबरोबर वजन वाढते, बद्धकोष्ठ होतो, केस गळतात, त्वचा कोरडी पडते, इतरांना पंखा हवा असताना अंगावर चादर लागते. टीएसएच या एका रक्तचाचणीने हे समजते. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यायची असते. चहाबरोबर किंवा लोह-कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर तिचा परिणाम कमी होतो.

मधुमेहात रक्तात साखर भरपूर असते, पण ती पेशींपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे कोठार भरलेले आणि घर उपाशी. वारंवार लघवी, तहान, वजन घटणे आणि अशक्तपणा एकत्र दिसला तर साखर त्याच दिवशी तपासावी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीए१सी साडेसहा टक्के किंवा जास्त आले तर मधुमेहाचे निदान होते. लक्षणे स्पष्ट नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात.

ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांना अचानक घाम, थरथर आणि गळाल्यासारखे झाले तर साखर उतरलेली असू शकते. माणूस शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. उपवासाच्या दिवशी गोळी नेहमीप्रमाणे घेऊन पोट रिकामे ठेवल्यास हा धोका वाढतो.

तापानंतरचा अशक्तपणा आणि न ओळखलेला संसर्ग

डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉईड, कोविड यांच्यानंतर काही आठवडे अंगात बळ नसणे नेहमीचे आहे. वरण-भात, अंडी, डाळी, भरपूर पाणी आणि हळूहळू वाढवलेले काम याने ते भरून येते. पण डेंग्यूत एक सापळा आहे. ताप उतरल्यावर घरचे निश्चिंत होतात, आणि खरा धोका त्यानंतरच्या एक-दोन दिवसांतच असतो. त्या काळात तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा फार गळालेपण दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम आणि घटणारे वजन यांच्यासोबत अशक्तपणा असेल तर क्षयरोगाची तपासणी करावी. ही तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. उपचार चालू असताना पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा एक हजार रुपयेही मिळतात. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. महिनाभरात ताकद परत येऊ लागते आणि नेमके तेव्हाच अनेक जण औषध सोडतात. तसे करणे फार महाग पडते.

ऊन, पाणी आणि फवारणी

उन्हाळ्यात शेतात, बांधकामावर किंवा दुचाकीवर दिवसभर फिरणाऱ्यांच्या शरीरातून घामाबरोबर मीठही जाते. नुसते पाणी पिऊन ते भरून येत नाही. एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेली जलसंजीवनी यासाठी पुरेशी आहे. मीठ घातलेले ताकही चांगले. उन्हात काम करताना माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतून वारा घालत तातडीने रुग्णालयात न्यावे.

फवारणीनंतर येणारा अशक्तपणा वेगळा असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. फवारणीनंतर घाम, तोंडाला पाणी सुटणे, अंधुक दिसणे, मळमळ आणि स्नायू फडफडणे यांसोबत अशक्तपणा आला, तर "ऊन लागले असेल" म्हणून झोपवून ठेवू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, औषधाचा डबा बरोबर घ्यावा आणि लगेच रुग्णालयात जावे.

झोप, मन आणि चालू असलेली औषधे

रात्री मोठ्याने घोरणारा, मध्येच श्वास अडकून दचकणारा आणि दिवसा बसल्या जागी डुलक्या घेणारा माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण त्याला विश्रांती मिळत नाही. झोपेत श्वास अडकण्याच्या या आजारावर उपचार आहेत.

नैराश्यातही शरीर आधी बोलते. सकाळी उठवत नाही, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, जेवण नको वाटते. रक्ताचे सगळे अहवाल ठीक आले की "काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत" असे ऐकवले जाते. पण नैराश्य हेही खरे आणि उपचाराने बरे होणारे कारण आहे. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

औषधांकडेही पाहावे. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी सोडियम किंवा पोटॅशियम उतरू शकते, विशेषतः वृद्धांमध्ये. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी सुस्ती येते. गोळी स्वतःहून बंद न करता सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत.

सलाईनमध्ये नेमके काय असते?

साध्या सलाईनच्या ५०० मिलीलीटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे पाच-सहा चमचे साखरेएवढे. त्यातून शंभरपेक्षा कमी कॅलरी मिळतात. एका मध्यम भाकरीतून याहून जास्त मिळतात. बाटली पिवळी दिसते ती ब गटातील जीवनसत्त्वामुळे, आणि जास्तीचे जीवनसत्त्व लघवीतून निघूनही जाते.

उलट्या थांबत नसतील, तोंडाने काही जात नसेल, डेंग्यूची गुंतागुंत किंवा उष्माघात असेल, तेव्हा सलाईन जीव वाचवते. पण रक्तक्षय, थायरॉईड किंवा क्षयरोग सलाईनने बरा होत नाही. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णात तर जास्तीचे पाणी फुफ्फुसात साचू शकते.

नाव नसलेल्या पुड्या आणि "ताकदीच्या" गोळ्या अधिक धोक्याच्या. त्यांत काही वेळा स्टेरॉईड मिसळलेले असते. त्याने भूक वाढते, अंगात जोर आल्यासारखे वाटते. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि गोळी एकदम सोडली की आधीपेक्षा मोठा अशक्तपणा येतो.

कोणत्या चाचण्या कराव्यात?

अशक्तपणा दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण या चाचण्यांपासून सुरुवात होते:

• रक्ताची संपूर्ण तपासणी आणि गरजेनुसार फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा
• उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी
• टीएसएच
• बी१२, आणि हाडे-स्नायू दुखत असतील तर ड जीवनसत्त्व
• क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम
• लघवीची तपासणी

सत्तर-ऐंशी चाचण्यांचे पॅकेज घेण्याची गरज नसते. डॉक्टरांनी नीट ऐकलेली माहिती आणि डोळे, जीभ, नाडी, रक्तदाब यांची तपासणी हीच पहिली चाचणी.

लगेच रुग्णालयात कधी जावे?

• चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका हाता-पायातली शक्ती अचानक जाणे, बोलणे अडखळणे. हा पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून "सकाळी पाहू" म्हणू नये.
• पायांपासून सुरू होऊन वर चढत जाणारी कमजोरी. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि नंतर पायांतली ताकद गेली होती.
• अशक्तपणासोबत छातीत दुखणे, घाम किंवा धाप. मधुमेही, महिला आणि वृद्धांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो.
• काळी शौच, रक्ताची उलटी, पाळीत फार रक्तस्राव.
• बेशुद्धी, बरळणे, दृष्टी दुहेरी होणे किंवा गिळायला त्रास.

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा.

वय झाले म्हणून?

घरातल्या आजी दिवसभर पडून असतात, जेवण निम्म्यावर आले आहे, आणि सगळे म्हणतात, "आता वयच झाले." वयाबरोबर स्नायू कमी होतात हे खरे. पण काही आठवड्यांत आलेला अशक्तपणा वयाचा नसतो. वय काही आठवड्यांत वाढत नाही. त्यामागे लघवीचा संसर्ग, उतरलेले सोडियम, दुखणारे दात, न बसणारी कवळी किंवा एकटेपणही असू शकते. यातले जवळपास प्रत्येक कारण शोधले तर सापडते आणि सापडले तर त्यावर उपाय करता येतो.

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात "सलाईन लावा" म्हणण्याआधी एक प्रश्न विचारावा: "डॉक्टर, हा अशक्तपणा कशामुळे आला आहे?"